डायलिसिसच्या खुर्चीतून हातवाऱ्यांनी फोन चालवता येतो का?

सांजवात | सोमवार, रात्री १०:२०

विषय जरा वेगळा आहे. इथे डॉक्टर आहेत, संगणकवाले आहेत आणि माझ्यासारखे रिकामटेकडेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला मशीनवर चढतात, अकराला उतरतात. फिस्टुला डाव्या हातात. ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते: हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात, मग ती शीर फुगून जाडजूड होते आणि तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. वरून बोट ठेवलं तर आत मांजर घुरघुरतंय असं वाटतं. सुया आत असेपर्यंत तो हात उशीवर उताणा. हलवायचा नाही म्हणजे नाही. उजव्या दंडाला बीपीचा पट्टा, तो दर अर्ध्या तासानं आपणहून आवळतो. म्हणजे उरला एक हात, आणि तोही अधूनमधून जप्त.

त्या एका हातानं अण्णा चष्मा सावरणार, चादर ओढणार, अंगाला सतत खाज असते ती खाजवणार आणि फोनवर कीर्तन लावणार. फोन दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडायला लागला तेव्हा तो धरायला डावा हात आपसूक पुढे गेला. सुई शिरेच्या आरपार. कोपरापासून मनगटापर्यंत हात वांग्यासारखा झाला होता.

आमचे चिरंजीव कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. आजोबांचा हात बघून त्यांनी प्रोजेक्टच तो घेतला. फोन स्टँडवर लावायचा, पुढच्या कॅमेऱ्यानं हात ओळखायचा. पंजा दाखवला की थांब, मूठ वळली की सुरू, हात झटकला की पुढचं कीर्तन. घरी जेवणाच्या टेबलावर दृष्ट लागावी असं चाललं.

आज केंद्रात नेलं. अण्णांनी नाक खाजवलं, कीर्तन बंद. सिस्टर मशीनचे आकडे लिहायला मधून गेल्या, पुढचं कीर्तन. बीपीचा पट्टा आवळला, बोटं वळली, मूठ झाली, कीर्तन सुरू, तेही शेजारच्या काकांचा नुकता डोळा लागला असताना. शेवटी अण्णा म्हणाले, "बाळा, बंद कर ते. लोकांना वाटतंय म्हातारा माशा हाकलतोय."

तर किडनीच्या पेशंटसाठी असं काही कुणी नीट करून बघितलंय का?

---

शून्यएक | सोमवार, रात्री ११:०५

माशा हाकलतोय :) अण्णांना नमस्कार सांगा.

चिरंजीवांचं काही चुकलेलं नाही, त्यांना फार जुनं दुखणं भेटलंय. एमआयटीत १९८० साली रिचर्ड बोल्ट यांनी भिंतीएवढ्या पडद्यासमोर माणूस बसवला आणि बोटानं दाखवत "ते तिथे ठेव" म्हटलं की पडद्यावरची वस्तू हलायची. पण त्यात नुसतं बोट नव्हतं, सोबत आवाज होता. आवाजावरून हुकूम सुटला हे कळायचं, बोटावरून कुठे ते कळायचं. आवाज काढून टाकला की हात हुकूम देतोय की नाक खाजवतोय हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

नजरेनं संगणक चालवण्याच्या संशोधनात रॉबर्ट जेकब यांनी या भानगडीला मायडास राजाचं नाव दिलं, हात लागेल त्याचं सोनं होणारा तो. मला आपला भस्मासुर जास्त पटतो. त्याला हातवाऱ्यानं चालणारं यंत्रच मिळालं होतं: डोक्यावर हात, की भस्म. मोहिनीनं नाचता नाचता हात डोक्यावर नेला, यानंही नेला. हेतू नव्हता, खूण मात्र बरोबर झाली.

हात ओळखणं आता सोपं आहे. २०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट (अंग हलवून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) आला तेव्हा खोलीभर अवरक्त ठिपके टाकणारा वेगळा डबा लागायचा. तो २०१७ मध्ये बनायचाही थांबला. आता गुगलचं मीडियापाइप नावाचं सॉफ्टवेअर साध्या कॅमेऱ्यातून पंजाचे २१ बिंदू पकडतं, चिरंजीवांनी बहुधा तेच वापरलंय. हात कुठे आहे हे फुकटात कळतं, का हलला ते नाही.

एक 'चावी' ठेवून बघा. माणूस सहजी करत नाही अशी खूण, उदाहरणार्थ अंगठा करंगळीला टेकवून दोन सेकंद धरणे. ती केली तरच पुढच्या खुणा ऐकायच्या.

---

चष्मेबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८:१५

बटण द्या हो हातात. ब्लूटूथचं, सेल्फी स्टिकला येतं तसलं. एवढं रामायण कशाला?

अवांतर: हवेत हात हलवून चालणारा फोन गुगलनं २०१९ ला काढला होता, पिक्सेल ४, आत चिमुकला रडार. भारतात विकलाच नाही, कारण त्या रडारच्या ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे परवानगी नव्हती. आपलं काही अडलं नाही.

---

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:४०

@चष्मेबहाद्दर, बटण दिलं होतं. चादरीत हरवलं. सापडलं तेव्हा अण्णांच्या खाली होतं आणि कीर्तनाचा आवाज पूर्ण वर गेला होता.

---

सुईवाला | मंगळवार, दुपारी ३:३०

बारा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. शिफ्ट संपली, निवांत लिहितो.

सगळे उजव्या हाताबद्दल बोलताय. आमचं लक्ष दिवसभर डाव्या हातावर असतं. मशीनवर रक्त अंगाबाहेर फिरतं म्हणून पेशंटला थंडी वाजते, तो चादर ओढतो आणि फिस्टुलाचा हात झाकतो. आम्ही चादर काढतो. तो परत ओढतो. चार तास हीच कुस्ती. कारण सांगतो. रक्त परत आत नेणारी सुई निसटली तर मशीन ओरडेलच याची खात्री नसते. दाब थोडासाच उतरला तर अलार्मच्या मर्यादेत बसून जातो, आणि पंप मिनिटाला तीनशे मिलीनं चालूच राहतो. पाच मिनिटांत दीड लिटर रक्त चादरीखाली. माणसाच्या अंगात असतं जेमतेम पाच लिटर. मी एकदाच बघितलंय. पेशंट वाचला, पण त्या दिवसापासून मला चादर दिसली की हात शिवशिवतात.

म्हणून माझं म्हणणं, कॅमेरा लावायची एवढी हौस असेल तर तो कीर्तनासाठी नको, डाव्या हातावर लावा. सुया दिसेनाशा झाल्या की वाजू दे. स्वीडनचं रेडसेन्स नावाचं उपकरण आहे, सुईच्या जागी ऑप्टिकल फायबरची पट्टी चिकटवतात, रक्त लागलं की वाजतं. आपल्याकडे साध्या केंद्रात मी ते पाहिलेलं नाही.

आणि ताई, कॅमेरा चालू करायला परवानगी घेतली होती का? वॉर्डात आजूबाजूला दहा लोक उघड्या हातांनी पडलेले असतात.

---

सांजवात | मंगळवार, रात्री ९:१०

नव्हती घेतली :( चुकलंच. उद्या इनचार्ज सिस्टरांना भेटते.

---

मधली_खुर्ची | बुधवार, पहाटे ५:०५

मी पेशंट. नऊ वर्षं. आज माझा दिवस आहे, पावणेसहाला निघायचंय, म्हणून पटकन.

तुमच्या मुलाचं कौतुक आहे, पण एक कटू बोलतो. आमच्या सोयीसाठी म्हणून जे काही निघतं ते धडधाकट हातासाठी निघतं. अंगठा करंगळीला टेकवा म्हणे. माझा अंगठा करंगळीपर्यंत जातच नाही. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या अंगात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन साचतं, मशीन ते पुरतं काढू शकत नाही. ते मनगटात साचून नस दाबतं. माझं उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, बोटं तरीही लाकडी. फिस्टुलाच्या हाताचं रक्त वळवलेलं असतं, म्हणून त्या पंजाची बोटं बर्फासारखी. काहींना मुंग्या, काहींना बधिरपणा. युरिया फार चढला की पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडतात, डॉक्टर मुद्दाम हात पुढे धरायला लावून ते बघतात. आता सांगा, यातल्या कुठल्या हाताचे २१ बिंदू मोजणार?

दुसरं. मला खेळ नको, व्हीआरचा आभासी जग दाखवणारा चष्मा नको, समुद्रकिनारा दाखवू नका. मला चार तासांत दोन तास झोप हवी असते. फक्त एक गोष्ट हवी आहे. बीपी पडायला लागलं की आधी कानात सूं होतं, मग जांभया येतात, मग आवाज फुटत नाही. त्या जांभईच्या आणि आवाज जाण्याच्या मधल्या मिनिटात सिस्टरला बोलावता आलं पाहिजे. बेल आहे. भिंतीवर आहे, डोक्यामागे.

---

सुईवाला | बुधवार, दुपारी ४:००

भिंतीवरची बेल. काय बोलणार. आमच्याकडेही तिथेच आहे.

---

पायगुण | बुधवार, रात्री ८:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून माझं लक्ष पायांकडे. हाताच्या मागे का लागलात सगळे? डायलिसिसमध्ये दोन्ही पाय मोकळे असतात! मांडीत कॅथेटर असेल तर गोष्ट वेगळी.

आणि इथे खरंखुरं संशोधन आहे. स्पेनमध्ये वालेन्सियाला एव्हा सेगुरा-ओर्ती आणि सहकाऱ्यांनी डायलिसिस चालू असतानाच किनेक्टचा खेळ देऊन बघितला. पेशंट खुर्चीत आडवा, समोर पडदा, आणि पाय हलवून खजिना गोळा करायचा, अडथळे चुकवायचे. म्हणजे सांजवात ताईंनी विचारलं तेच, फक्त हाताऐवजी पाय. दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात निन्टेन्डोच्या वी फिट या व्हिडिओ गेमवर व्यायाम करून घेतला, आठ आठवडे, पण तो मशीनवर चढायच्या आधी, थांबलेल्या वेळेत. गट दोन्हीकडे लहान, त्यामुळे फार उड्या मारू नयेत.

खेळ बाजूला ठेवून नुसत्या व्यायामाचं बघितलं तर पुरावा जास्त भक्कम आहे, आणि गंमत म्हणजे तो एका दिशेनं बोट दाखवत नाही. लेस्टरच्या अभ्यासात डायलिसिसमध्ये सहा महिने सायकल मारणाऱ्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वाढलेलं वजन उतरलं. ब्रिटनमधल्याच पेडल नावाच्या चाचणीत सहा महिने सायकल मारूनही पेशंटच्या आयुष्याच्या प्रतीत फरक दिसला नाही. जर्मनीत २१ केंद्रांत वर्षभर व्यायाम करवला, त्याचे निष्कर्ष २०२३ ला आले. तिथे एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठबस करता येते ते मोजलं. व्यायामवाल्यांची उठबस वाढली, न करणाऱ्यांची घटली. माझ्या मते उठबस हेच खरं माप. संडासातून कुणाच्या आधाराशिवाय उठता येणं याची किंमत प्रश्नावलीत मावत नाही.

एक पथ्य: पाय हलवायचे ते पहिल्या दोन तासांत. नंतर मशीननं अंगातलं जादा पाणी बरंच काढलेलं असतं, बीपी डगमगतं.

---

शून्यएक | बुधवार, रात्री ९:३०

@मधली_खुर्ची, अंगठा-करंगळीचं मागे घेतो. टेबलाशी बसून सुचवलं होतं.

@पायगुण, पाय आवडला. खुर्चीत पडल्या पडल्या कुणी सहज पाऊल वर उचलून धरत नाही. चावी आपोआप मिळते. शिवाय हवेत हात धरून ठेवला की पाच मिनिटांत खांदा भरून येतो, ते दुखणंही टळतं.

---

बर्फातला_कोल्हापुरी | गुरुवार, पहाटे ४:५०

टोरोंटोहून. इथल्या सनीब्रुक रुग्णालयात २०११ ला शल्यविशारदांना किनेक्ट दिला होता. ऑपरेशन चालू असताना सीटी-एमआरआयची चित्रं बघायची तर निर्जंतुक हात माउसला लावता येत नाही, बाहेर जाऊन परत हात धुवावे लागतात. म्हणून हवेतल्या हवेत चित्रं सरकवायची. त्याच्याही आधी, २००८ ला, हुआन वाक्स यांच्या गेस्टिक्स या पद्धतीची वॉशिंग्टनमध्ये मेंदूच्या बायोप्सीवेळी चाचणी झाली होती.

मग असं वाटतं की डायलिसिसमध्ये हातवारे पेशंटपेक्षा सिस्टर-टेक्निशियनना जास्त उपयोगी नाहीत का? हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस तग धरतो. मशीनच्या टचस्क्रीनला ग्लोव्ह घातलेला हात दिवसभर लागत असतो. हात न लावता चालली तर?

---

सुईवाला | गुरुवार, दुपारी २:२०

@बर्फातला_कोल्हापुरी, कल्पना चांगली, पण मला नको. चित्र एक घर पुढे सरकलं तर मागे घेता येतं. मशीनवर तासाला किती पाणी काढायचं तो आकडा मी येता-जाता हात हलवला म्हणून बदलला तर? भस्मासुर म्हणालात ना वर, तोच. मशीन दोनदा विचारून खात्री करून घेतं ते बरंय, भले आम्ही त्याला शिव्या घालत असू. ग्लोव्ह बदलणं, स्क्रीन पुसणं, हेपटायटिसचं मशीन वेगळं ठेवणं, हे नीट झालं तर बरंच निभतं. आणि ते नीट होत नाही तेव्हा कारण यंत्र नसतं, सहा मशीनमागे एक माणूस असतो हे असतं.

अलार्म गप्प करायला मात्र हातवारा द्या. एका पेशंटच्या सुया धरलेल्या असतात आणि पलीकडचं मशीन कोकलत असतं.

---

शून्यएक | गुरुवार, दुपारी २:४५

सगळ्यात धोक्याचं बटण तेच आहे की :)

---

सुईवाला | गुरुवार, दुपारी २:५०

बरोबर आहे. मागे घेतो. दमलो होतो.

---

समईची_वात | गुरुवार, रात्री १०:००

आमच्याकडे पोटाचं डायलिसिस, सीएपीडी. आई घरीच करते. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढायची. हात दोन्ही मोकळे, पण सगळा जीव त्या हातांच्या स्वच्छतेत. नळीच्या तोंडाला चुकून बोट लागलं तर पोटात जंतुसंसर्ग. आईला दोन वर्षांत एकदा झाला, पिशवीतलं पाणी ताकासारखं गढूळ आलं.

हात धुण्याच्या पायऱ्या कॅमेऱ्यानं ओळखण्यावर काम झालंय असं वाचलंय. बेसिनच्या वर असं काही बसवलं आणि "अंगठा राहिला" म्हणून सांगितलं तर मी घेईन. आई म्हणते, तू आहेस की सांगायला.

---

नातू_नं_१ | शुक्रवार, दुपारी १२:३०

नमस्कार, मी सांजवातचा मुलगा. आईनं धागा वाचायला लावला. सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

कॅमेरा बंद. इनचार्ज सिस्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं आणि आईला ओरडाही बसला. @मधली_खुर्ची काका, तुमचा प्रतिसाद गाईड सरांना दाखवला. सर म्हणाले, हे आधी विचारायला हवं होतं. मी एकाही पेशंटला काही न विचारता प्रोजेक्टचा आराखडा लिहिला होता, हे खरं आहे.

आता पायावर जातोय. पावलावर बांधायचा पट्टा, त्यात एमपीयू-६०५० हा सेन्सर, तो पाऊल किती आणि कुठे कललं ते सांगतो. कॅमेरा नाही, म्हणजे चादर असली तरी चालेल. खुणा कुठल्या ठेवायच्या यावर काल आजोबांशी तासभर बसलो. मी सहा खुणा काढल्या होत्या, डावीकडे, उजवीकडे, गोल वगैरे. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "एक बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. तेहतीस वर्षं एवढ्यावर गाडी चालवली. तुला सहा कशाला लागतात?"

त्यामुळे पाऊल एकदा वर: कीर्तन थांब. दोनदा: चल. वर उचलून तीन सेकंद धरलं: सिस्टरांच्या टेबलावर ठेवलेला जुना फोन वाजणार. बस.

---

चष्मेबहाद्दर | शुक्रवार, दुपारी १:१०

अण्णांना गाईड करा. सरांना सुट्टी द्या.

---

पायगुण | शुक्रवार, दुपारी १:४०

पाऊल वर उचलणं हा नडगीच्या पुढच्या स्नायूचा व्यायामही आहे, आयताच होईल. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला संवेदना कमी असते, पट्टा घट्ट झाला तर त्यांना कळणार नाही. खाली दोन बोटं सरकतील इतका सैल ठेव आणि सुटल्यावर कातडी बघ.

---

सांजवात | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:३०

धागा वर काढते, सांगण्यासारखं घडलंय.

पट्टा तयार झाला. इनचार्ज सिस्टरांनी परवानगी दिली, लेखी अर्जावर, "बेल आहेच, ही जास्तीची" असं लिहून घेऊन. पहिल्या दिवशी बांधला तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हातारपणी पैंजण घातलं नातवानं." शेजारचे काका आता त्यांना छुमछुम म्हणतात.

कीर्तनाचं थांब आणि चल दोन-तीन दिवसांत जमलं. फोन आता स्टँडवर असतो, पडत नाही. उजवा हात खाजवायला मोकळा, आणि हे सुख केवढं आहे ते अण्णांकडून ऐकावं.

आज तिसऱ्या तासाला सिस्टरांचा फोन वाजला. त्या आल्या तर अण्णा डोळे मिटून, दात आवळून पडलेले. पोटरीत गोळा आला होता. दोन दिवसांत साडेतीन किलो वजन वाढवून गेले होते (लग्नाचं जेवण, मी नव्हते सोबत), तेवढं पाणी काढताना व्हायचं तेच झालं. सिस्टरांनी पाणी काढायचा वेग कमी केला, सलाइन दिलं, पाऊल वर दाबून धरलं. पाच मिनिटांत उतरलं. अण्णा म्हणतात, मी काही बेल दिली नव्हती, मला सुचतच नव्हतं. मग वाजलं कसं?

---

नातू_नं_१ | शुक्रवार, रात्री ९:५०

बग आहे. पाऊल तीन सेकंद कललेलं राहिलं की वाजव, एवढंच लिहिलंय. वर की खाली, ते तपासायचं राहून गेलं. आज रात्री दुरुस्त करतो.

---

सुईवाला | शुक्रवार, रात्री ९:५५

थांब! हात लावू नकोस.

पोटरीत गोळा आला की पाऊल खाली ताणलं जातं आणि तसंच अडकून राहतं. त्या वेळी माणसाला खूण वगैरे आठवत नाही. तुझ्या बगनं नेमकं तेच पकडलं. ते राहू दे, वेगळं नाव देऊन ठेव, आणि त्याचा आवाजही वेगळा ठेव, म्हणजे सिस्टरला येतानाच कळेल.

पण याच्यावर विसंबू नका, हेही लिहून ठेव. बीपी पडलं तर पाऊल काहीच करत नाही, नुसतं पडून राहतं. ते आम्हीच बघायचं.

---

शून्यएक | शुक्रवार, रात्री १०:१०

भस्मासुराला पहिल्यांदाच चुकून वर मिळाला :)

नोंदी ठेवतोयस ना? किती वेळा वाजलं, त्यातलं किती खरं, किती झोपेत कूस बदलल्यामुळे. परीक्षक तेच विचारणार.

---

नातू_नं_१ | शुक्रवार, रात्री १०:२०

आजवर नऊ बैठका झाल्या. सिस्टरांचा फोन सात वेळा वाजला. चार वेळा आजोबांनी मुद्दाम वाजवला, त्यातला एकदा चहा मिळतो का विचारायला (मिळत नाही, पाण्याचं पथ्य). दोनदा झोपेत चादर पायात अडकली. आणि आजचा एक. एकाच पेशंटचे आकडे आहेत, सर म्हणतात टक्केवारी काढू नकोस, हसतील.

---

मधली_खुर्ची | शनिवार, सकाळी ११:००

चादरीमुळे वाजलं तर सिस्टर वैतागणार, दहा वेळा वैतागल्या की फोन उलटा ठेवणार. ते आधी सोडव.

ते झालं की मला एक हवा. माझा उजवा पाय चांगला आहे, डाव्याला बधिरपणा. आणि पट्टा धुता येतो का? रक्ताचा थेंब उडाला तर?

---

सुईवाला | शनिवार, दुपारी ३:१५

महत्त्वाचा प्रश्न. सेन्सर हायपोक्लोराइटनं (जंतू मारायचं ब्लीच) पुसता येईल अशा बंद डबीत बसव. कापडी पट्टा प्रत्येकाचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला अजिबात नाही.

---

नातू_नं_१ | शनिवार, रात्री ८:००

डबी कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर होईल. चादरीचं असं करतोय की आधी पाऊल एकदा आपटायचं, मगच तीन सेकंद मोजायला सुरुवात. खालच्या कलाला ती अट नाही. बुधवारी बघतो. काका, तुमच्या पावलाचा घेर आईला मेसेज करा, टेप नसेल तर दोरीनं मोजून.

पट्टे आजी शिवतेय. आजोबांच्या जुन्या खाकी पँटचे.